गरिज्जीमवरची भट्टी

८ फेब्रुवारी

आजपासून लिहायला घेतो आहे. आज जे घडलं ते उद्या विद्यापीठातले लोक लिहितील, आणि त्यांच्या लिखाणात आमच्या कुळाचं नाव पानाच्या तळाशी बारीक अक्षरात जाईल. तसं होऊ नये म्हणून आमच्या बाजूनंही कुणीतरी लिहून ठेवलं पाहिजे. कुळात अक्षर माझंच बरं आहे.

दुपारी घाण्यावर होतो. तीळ भाजून नुकते उतरवले होते. तेवढ्यात तिर्झाबाई आल्या. या जेरुसलेमच्या, पुरातत्त्वाच्या. गेल्या शरदापासून शिखराखालच्या उतारावर खोदकाम करताहेत. चाळिशीच्या असतील, उन्हानं नाक सोललेलं, बुटांना कायम चिखल.

"अबू यफेत, भट्टीतलं तुम्हाला कळतं म्हणे," त्यांनी इथल्या रीतीनं मुलाच्या नावानं, यफेतचा बाप अशी, हाक मारली.

"कुणी सांगितलं?"

"सगळ्यांनी. सगळ्यांत आधी तुम्हीच."

मी हसलो. खोटं कशाला बोला? वल्हांडण हा मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून सुटकेचा सण; त्याच्या यज्ञाची आमच्या कुळाची भट्टी माझ्या हातात आहे. आधी वडिलांच्या हातात होती, त्याआधी आजोबांच्या. मेंढे अख्खे लाकडी सळांवर चढवायचे, जमिनीतल्या भट्टीत उभे सोडायचे, वरून जाळी, झुडपं, ओली माती. धुराची एक रेघ सुटली तर मांसाचा कोळसा. आजवर माझ्या भट्टीतून कोळसा निघालेला नाही.

बाई म्हणाल्या, उतारावर एक गोल खड्डा सापडला आहे. पुरुषभर खोल, आतून दगडांनी बांधलेला, आगीनं लाल झालेला. तळाशी राख आणि मेंढ्यांची हाडं.

आमच्या पूर्वजांची भट्टी! मला पुढचं ऐकूच आलं नाही.

११ फेब्रुवारी

पाहून आलो. शिडीवरून स्वतः आत उतरलो. बाई नको म्हणत होत्या, पण आपल्याच घरात शिरायला परवानगी कसली?

काय बांधणी! दगडाला दगड असा बसवलाय की सुरीचं पातं जाणार नाही. तोंड आमच्या भट्टीपेक्षा दुप्पट रुंद. म्हणजे त्या काळी कुळंही मोठी होती. आज आम्ही सगळे शोमरोनी, हा गरिज्जीम डोंगर पवित्र मानणारे, मिळून जेमतेम आठशे. भिंतीला खालपासून वरपर्यंत पांढरं काहीतरी चिकटलेलं आहे. आमच्या भट्टीत काळं असतं. पण एवढ्या वर्षांच्या पावसानं काळ्याचं पांढरं होणारच, केसांचं होतं तसं.

बाईंनी विचारलं, "हे पांढरं कशामुळे असेल?"

"चरबी," मी म्हणालो. "चरबी आणि मीठ."

त्यांनी लिहून घेतलं. मी म्हणालो ते लिहून घेतलं!

हाडं एका ट्रेमध्ये मांडली होती. बरीचशी तुकडे तुकडे झालेली. बिचारी, किती भार सोसला असेल त्यांनी वरच्या मातीचा.

१४ फेब्रुवारी

गावात सगळ्यांना सांगितलं. म्हणजे मी दोघांना सांगितलं, बाकीच्यांनी आपोआप ऐकलं.

संध्याकाळी चौकात कॉफीला वासेफ होता. यज्ञाच्या आवारात याच्या कुळाची भट्टी आमच्या शेजारी, आणि पंचवीस वर्षं हा माझ्या भट्टीकडे तिरक्या नजरेनं बघत आलाय.

"काय रे सल्लूम, पूर्वजांची चूल सापडली म्हणे तुझ्या?"

"सापडली."

"तुझ्याच कशावरून? त्यावर नाव लिहिलंय का?"

"बांधणी बघ, मग कळेल. तुझ्या कुळाला तशी भिंत कधी जमली होती?"

सगळे हसले. वासेफनं कप जरा जोरातच खाली ठेवला. रात्री झोप छान लागली.

२२ फेब्रुवारी

तिर्झाबाई पुन्हा आल्या. माझ्या बायकोनं, बद्रियानं, त्यांना तिळाची ताहिनी घातलेली वांगी वाढली. बाईंना एक मागायचं होतं. यंदा यज्ञानंतर आमच्या भट्टीतली थोडी राख आणि थोडी हाडं मिळतील का, जुन्या खड्ड्यातल्यांशी ताडून बघायला.

"नाही," मी म्हणालो. "सकाळपर्यंत काही उरता कामा नये. खाऊन उरेल ते सगळं तिथल्या तिथे अग्नीत. आज्ञा आहे. मोडलेलं हाड तर आमच्यात मिळायचंच नाही. वल्हांडणाच्या मेंढ्याचं हाड मोडत नाहीत."

"कधीच नाही?"

"बाई, खाताना लहान पोरांच्या हातावरसुद्धा आमचं लक्ष असतं."

त्यांनी वहीची मागची पानं उलटून काहीतरी बघितलं. मग म्हणाल्या, "आणि जुन्या काळीही असंच असेल?"

"जुन्या काळी तर याहून कडक."

त्यांनी वही मिटली. चेहरा पडल्यासारखा वाटला. राख मिळाली नाही म्हणून असणार. शिकलेल्या माणसांना नकार ऐकायची सवय नसते.

३ मार्च

मोठी गोष्ट ठरली. काल पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या सुचलं. यंदाची आमची भट्टी मी जुन्या खड्ड्याबरहुकूम बांधणार. आत्ताच्या विटा काढायच्या आणि उतारावरचे दगड लावायचे, तसेच, त्याच मापानं. पूर्वजांनी जसं केलं तसं.

आज कुळातल्या वडीलधाऱ्यांना बोलावलं. आमचे पुरोहित, याजक इतामारही आले. नव्वदीला टेकलेत, पण कान शाबूत आहेत.

"विटांनी काय बिघडवलंय?" त्यांनी विचारलं.

"बिघडवलं काही नाही. पण विटा माझ्या वडिलांनी खाली नाब्लुसच्या बाजारातून आणल्या होत्या. दगड आपले आहेत."

लोकांनी माना डोलावल्या. मी चांगलं बोललो. घरी येताना यफेतला विचारलं, "कसं वाटलं?" तर म्हणतो, "बोललात छान. दगड कुठला लावणार?"

"उतारावरचा पांढरा."

"तो चुनखडी आहे, बाबा."

"हा अख्खा डोंगरच चुनखडी आहे. तुझे पूर्वज काय मिसराहून दगड आणत होते?"

चौतीस वर्षांचा झालाय. घाण्यावर मशीन चालवतो, हिशेब बघतो, गाडी दुरुस्त करतो. भट्टीतलं मात्र त्याला गम्य नाही. लहानपणापासून चिखलाला हात लावू द्या म्हणून मागे लागायचा. मी लावू दिला नाही, कारण भट्टीचा हात वडील थकल्यावर मुलाकडे जातो. मी कुठे थकलोय? हल्ली तो मागतही नाही. आवड संपली असेल.

९ मार्च

विटा काढल्या. वडिलांच्या हातच्या, एकेक सुटी करताना जरा कसंतरी झालं, पण झालं. यफेतला म्हटलं, नेऊन टाक दरीत. त्यानं मुकाट्यानं टेम्पोत भरल्या. एकेक वीट अशी ठेवत होता जशी अंडीच. वेळकाढूपणा, दुसरं काय.

जुना चिखल सुकवून खरवडायला थोडी आग केली, तर सूनबाई तोंडावर हात धरून घराकडे पळाली. ओलेना युक्रेनची, काळ्या समुद्राजवळच्या शहरातली. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आली. आमच्यात मुली कमी, म्हणून बाहेरून येतात. आधी आमचे नियम कबूल करतात, मगच लग्न. मुलगी गुणी आहे, पण धूर सोसत नाही. परवा कॉफीच्या वासानंही उठून गेली. शहरात वाढलेल्यांचं असंच.

गुणी म्हणतो ते उगीच नाही. पूर्वी महिन्यातले सात दिवस ती बाजूला बसायची, आणि मग बद्रियाच्या हातचं खारट सूप नशिबी यायचं. हल्ली दीड-दोन महिने झाले, रोज सुनेच्याच हातचं जेवतोय. एक दिवस खंड नाही. माणसाचं नशीब उजळलं की सगळीकडून उजळतं.

१७ मार्च

बांधकाम पूर्ण. कमरेचं काही खरं नाही, पण भिंत अशी उतरली आहे की बघत राहावं. वासेफ दोनदा सहज म्हणून फिरकला. दुसऱ्यांदा आत वाकून बघितलं आणि काही न बोलता गेला. त्याचं न बोलणं मला सगळ्यांच्या बोलण्याहून गोड लागलं.

यफेतशी वाजलं. म्हणाला, "ओल्या चुनखडीला एवढी आच लागली तर ती फुटते. निदान एकदा पेटवून बघा."

"तू मला शिकवणार?"

"शिकवत नाही. मेंढे आत असताना फुटली तर अख्ख्या कुळाचं वल्हांडण जाईल, एवढंच म्हणतोय."

"त्या खड्ड्यातला दगड फुटला होता का? तू बघितलायस तरी का तो?"

"नाही," तो म्हणाला. "मला कुणी बोलावलं नाही."

बद्रिया मध्ये पडली. "दोघं बापलेक त्या खड्ड्यातच जाऊन राहा. जेवण मी वरून सोडते."

२४ मार्च

तिर्झाबाई आठवडाभर दिसल्या नाहीत. काल त्यांची गाडी खाली वळणावर दिसली. मी हात केला. त्यांनीही केला, पण थांबल्या नाहीत. मोठ्या शोधाच्या गडबडीत असणार.

३१ मार्च

बाई आल्या. मी त्यांना सरळ भट्टीकडे नेलं. दगडांची नवी भिंत बघून त्यांनी कपाळाला हात लावला. एवढं कौतुक मी अपेक्षिलं नव्हतं.

"अबू यफेत, हे तुम्ही... तसंच्या तसं?"

"तसंच्या तसं. माप घेऊन."

"मला तुमच्याशी बोलायचंय. प्रयोगशाळेचा निकाल अजून पूर्ण आला नाही, पण..."

"येऊ दे, येऊ दे. घाई कसली? आमच्या घरचंच आहे."

"तोवर ही पेटवू नका. कृपा करून. मी येईपर्यंत थांबा."

म्हणजे पहिल्या आगीला त्यांना स्वतः हजर राहायचं आहे! मी म्हटलं, बघू. पण मनात ठरवलंय, चाचणीची आग आपल्या माणसांसमोरच करायची. यफेत म्हणतो म्हणून नव्हे. लोक विचारताहेत म्हणून.

६ एप्रिल

हे डाव्या हातानं लिहितोय. वेडंवाकडं आहे, तरी लिहिणार.

काल दुपारी पेटवली. ऑलिव्हची लाकडं, वाळलेल्या काटक्या. निम्मं गाव जमलं होतं. तासभर सगळं सुरेख. ज्वाळा तोंडाबाहेर आली तेव्हा बायकांनी आनंदाच्या किलकाऱ्याही दिल्या. मग आतून आवाज आला, बंदुकीसारखा. मग दुसरा. मी वाकून बघायला गेलो. भिंतीचा एक दगड फुटून तापलेल्या कपच्या बाहेर उडाल्या. उजवा हात कोपरापर्यंत भाजला, एक भुवई गेली. मी तिथेच उभा राहिलो असतो. यफेतनं मागून कमरेला मिठी मारून ओढलं, आणि आम्ही दोघं चिखलात पडलो. वरून भिंत आत कोसळली. पांढरा धुरळा उठला, सगळ्यांच्या डोळ्यांना झोंबणारा.

तेवढ्यात बद्रियाची किंकाळी: "ओलेना, मागे हो! तू मागे हो! दोन जिवांची आहेस ना गं!"

सगळं गाव तिच्याकडे वळलं. भट्टी तडतडतेय, मी चिखलात, आणि मी आजोबा होणार हे मला अख्ख्या गावाबरोबर कळलं.

दवाखान्यातून येताना मी बद्रियाला म्हटलं, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगायचं काय? डोळे आहेत ना तुम्हाला? मुलगी तीन महिने बाजूला बसली नाही, कॉफीच्या वासानं ओकते, आणि तुम्ही म्हणे, सूप चांगलं मिळतंय!"

मी हातावरची पट्टी सारखी करायला लागलो.

यफेतच्या पाठीलाही चटके बसलेत. त्यानं मला सांगितलं नाही. शर्ट बदलताना दिसले.

८ एप्रिल

तिर्झाबाई नाब्लुसची कुनाफा मिठाई घेऊन आल्या. माझा हात बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "ही माझी चूक. मी महिन्याभरापूर्वीच सांगायला हवं होतं. तुमचा उत्साह बघून जीभ उचलेना."

"सांगा," मी म्हणालो.

"ती यज्ञाची भट्टी नाही, अबू यफेत. ती चुन्याची आहे. चुनखडी जाळून चुना करायची भट्टी. भिंतीवरचं पांढरं म्हणजे चुना. हाडं कामगारांच्या जेवणातली. सुरीचे घाव आहेत, आतला मगज खायला फोडलेली."

म्हणजे मोडलेली हाडं. ट्रेमध्ये माझ्या डोळ्यांसमोर होती. मीच त्यांना सांगितलं होतं आमच्यात हाड मोडत नाहीत म्हणून. मीच.

"कोणत्या काळातली?"

"दीड हजार वर्षांपूर्वी ख्रिस्ती राज्यकर्त्यांनी शिखरावर चर्च बांधलं तेव्हाची असावी. गिलाव्याला चुना लागला असेल."

"आणि जाळायला दगड कुठून आणला?"

त्या ओलेनाकडे बघायला लागल्या, बद्रियाकडे बघायला लागल्या. मग हळूच म्हणाल्या, "खड्ड्याच्या तळाशी अर्धवट जळलेले दोन तुकडे मिळालेत. घडीव आहेत. एकावर तुमच्या जुन्या लिपीतली तीन अक्षरं आहेत."

आमच्या पवित्र आवाराच्या भिंती कुणीतरी फोडल्या आणि त्या खड्ड्यात जाळून पीठ केलं. आणि मी त्याच खड्ड्याची नक्कल आमच्या यज्ञाच्या आवारात बांधली, वडिलांच्या विटा काढून.

मी बाईंना म्हटलं, कुनाफा गरम आहे तोवर खा. दुसरं काही सुचेना.

१० एप्रिल

काल शब्बाथ, विसाव्याचा वार. प्रार्थनेत उभा होतो, पण ओठच हलत होते.

आज स्वतः उठून वडीलधाऱ्यांकडे गेलो. बद्रिया म्हणाली, यफेतला पाठवा, तुम्ही आजारी आहात. मी म्हटलं, बढाई मारायला मी गेलो होतो ना? मग हेही मीच सांगणार. चौकातच सगळे होते. उभा राहून सांगितलं: तो खड्डा आपला नाही, चुन्याचा आहे, त्यात आपलेच दगड जाळले, मला कळायला हवं होतं, कळलं नाही, यफेतनं सांगितलं होतं, ऐकलं नाही.

वासेफ समोर बसला होता. आता तो बोलणार म्हणून मी दात आवळून उभा. तो उठला, आपली खुर्ची माझ्यामागे आणून ठेवली आणि म्हणाला, "बस रे. हात दुखत असेल."

हे मला त्याच्या टोमण्याहून जड गेलं.

याजक इतामार बराच वेळ डोळे मिटून होते. झोपले असं वाटलं. मग म्हणाले, "सल्लूम, दगड राखायची आज्ञा आपल्याला कधी झाली?"

"कुठे झाली?"

"झाली नाहीच. सणाचा दिवस राखायची झाली. तो कुणी चुकवला? ज्यांनी दगड जाळले त्यांच्या राज्यात चुकवला? नंतरच्यांच्या राज्यात? दीडशे माणसं उरली होती आपली, माझ्या वडिलांच्या लहानपणी. दीडशे! तेव्हाही या डोंगरावर मेंढा अख्खाच भाजला. आता बोल, यंदा तुझ्या कुळाचा मेंढा कुठे भाजणार?"

वासेफ म्हणाला, "आमच्या भट्टीत जागा करू."

चांगुलपणानं म्हणाला. पण माझ्या अंगाची लाही झाली. शेजाऱ्याच्या भट्टीत आमच्या कुळाचा मेंढा!

"गरज नाही," मागून कुणीतरी म्हणालं. यफेत. "भट्टी होईल. विटा आहेत."

"कुठल्या विटा?" मी विचारलं. "दरीत टाकल्यास ना?"

"घाण्यामागे ताडपत्रीखाली आहेत. आजोबांच्या विटा दरीत कोण टाकेल, बाबा?"

१३ एप्रिल

यफेत बांधतो आहे. मी खुर्ची टाकून बसतो. पहिल्या दिवशी मी सूचना देत होतो. दुसऱ्या दिवशी बद्रिया येऊन माझी खुर्ची वीस पावलं मागे घेऊन गेली. तिथून ओरडावं लागतं, आणि ओरडलं की हात ठणकतो.

चिखल तो माझ्यापेक्षा घट्ट मळतो. कापलेल्या गवतात थोडे बकरीचे केस मिसळतो. मी विचारलं, हे कुठून? म्हणाला, "आजोबा मिसळायचे. तुम्ही सोडून दिलंत. मी सात वर्षांचा होतो, बघायचो."

हे खरं आहे. वडील मिसळायचे. मी विसरलो होतो.

१८ एप्रिल

चाचणीची आग केली. यफेतनं. फक्त आम्ही दोघं. भिंत आधी काळी झाली, मग लाल, मग नुसती उजळली. एकही तडा नाही. त्यानं भिंतीवर पाण्याचे थेंब उडवले, कान लावून ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. बोलावंसं खूप वाटलं. त्याऐवजी डाव्या हातानं उरलेल्या काटक्या गोळा करत बसलो.

२२ एप्रिल

वल्हांडण झालं. सगळं नीट लिहून ठेवतो.

सूर्य टेकला तेव्हा आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत यज्ञाच्या आवारात उभे होतो. मी हात गळ्यात बांधून पहिल्या रांगेत. कुंपणापलीकडे पाहुण्यांची ही गर्दी, त्यात तिर्झाबाई, आज बूट स्वच्छ. मुख्य याजकांनी वाचायला सुरुवात केली. "इस्राएलाच्या सर्व मंडळीनं सांजवेळी तो वधावा" हे शब्द आले आणि सुऱ्या एकदम फिरल्या. मग तो जल्लोष, गळाभेटी, म्हाताऱ्यांच्या हातांची चुंबनं. मेंढ्याच्या रक्ताचं बोट यफेतच्या कपाळाला मीच लावलं, डाव्या हातानं. तो वाकला. कितीतरी वर्षांत माझ्यासमोर इतका जवळ वाकला नव्हता.

उकळतं पाणी, लोकर उपटणं, साफसफाई, मीठ. चरबी वेदीच्या आगीवर गेली. सळ तयार झाले. इशारा झाला की सगळ्या कुळांनी मेंढे एकाच क्षणी आत सोडायचे. तो क्षण चुकता कामा नये. पंचवीस वर्षं तो क्षण माझा होता. यंदा यफेत भट्टीच्या तोंडाशी, घामानं चमकणारा, दोन्ही बाजूंना चुलतभाऊ. मी मुठी वळायला गेलो, तर एकच मूठ वळली.

इशारा झाला. सळ आत गेले. जाळी, झुडपं, माती, भराभर हात चालले. आणि मला दिसली: डाव्या कडेला, केसाएवढी बारीक, धुराची रेघ. मी तोंड उघडलं. शब्द बाहेर पडण्याआधीच यफेतचा पंजा ओल्या चिखलासकट तिथे बसला होता. तो माझ्याकडे बघतही नव्हता. त्याला बघायची गरज नव्हती.

मी तोंड मिटलं.

मग वाट बघणं. ते आमच्या हातात नसतं. म्हातारे जपत बसले, पोरं कुंपणावर चढली. ओलेना बायकांच्या बाजूला, हातात बेखमीर भाकऱ्यांची टोपली. धूर तिच्याकडे वळला तरी आज हलली नाही. मध्यरात्रीच्या सुमाराला भट्ट्या उघडल्या. माती फुटली, आणि जो वास आला त्यावरूनच मला कळलं. सळ वर आले. मेंढे अख्खे, वरून सोनेरी, कुठे काळा ठिपका नाही. मांस हाडावरून ओघळत होतं. कमरा बांधून, काठ्या हातात, उभ्या उभ्या घाईनं खाल्लं, कडू भाजीबरोबर, मिसरातून निघाल्यासारखं. शेजारच्या वासेफनं आमच्याकडचा एक तुकडा तोंडात टाकला, चावला, पुन्हा चावला.

"सल्लूम," तो म्हणाला, "खरं सांगतो, राग मानू नकोस. पंचवीस वर्षांत तुझ्या भट्टीतून असं मांस निघालं नव्हतं."

"निघणार कसं?" मी म्हणालो. "ती माझी होती. ही यफेतची आहे."

उरलेलं सगळं, हाडं, सळ, कडू पाला, वेदीच्या आगीत गेलं. पहाटे आवारात काही उरलं नव्हतं. तिर्झाबाई कुंपणापाशी शेवटपर्यंत उभ्या होत्या. निघताना त्यांनी यफेतला हात जोडले. मला नाही, यफेतला. बरोबर केलं.

२८ एप्रिल

सण संपला. आज यफेतला घेऊन तिर्झाबाईंच्या खड्ड्याकडे गेलो. त्यानं तो कधी बघितलाच नव्हता. शिडीनं आत उतरला. मी वरून बघत होतो. जळक्या दगडावरची ती तीन अक्षरं त्यानं बोटानं वाचली. भिंतीला अंगठा घासला, पांढरा झाला. पँटला पुसला आणि वर आला.

"चला बाबा," म्हणाला. "पुढच्या वर्षाची लाकडं सांगून ठेवू. उशीर झाला की ओली देतात."

नाब्लुसमध्ये लाकडांच्या वखारीत मालकानं माझ्या हाताचं विचारलं, भुवईचं विचारलं. मग आठवण झाल्यासारखं म्हणाला, "आणि ती तुमची दोन हजार वर्षांची भट्टी? केवढं ऐकलं होतं! पेपरात आली का?"

यफेत लाकडं निवडायच्या निमित्तानं लांब सरकला.

"ती आमची नव्हती," मी म्हणालो.

"अरेरे. मग तुमची कुठली?"

"आमची यज्ञाच्या आवारात आहे. माझ्या यफेतनं बांधली."

"किती जुनी?"

"पंधरा दिवसांची," मी म्हणालो, आणि मला वाटतं आधीच्या सगळ्या वेळांहून मोठ्यानं म्हणालो, कारण पलीकडे लाकडं उचलणाऱ्या यफेतनं मान वर करून बघितलं.